फटफटीचा पोळा

"दाव्याला हात लावू नको, सटवाजी. सांगून ठिवते."

"माय, मला बोलून काय व्हायचंय? तुज्या लेकाला ईचार. दोन आवसा झाल्या की बैल न्या, आसं कोण म्हणलं?"

"मी म्हणलो," राधाकिशन म्हणाला. "पर पोळा धरून म्हणलो. एक दिव्याची आवस, एक पोळ्याची. आशा दोन."

"काल आवस झाली का न्हाई?"

"झाली."

"त्येच्या आधी दिव्याची झाली का न्हाई?"

"झाली."

"मंग किती झाल्या?"

"पर पोळा कुठं झालाय?"

"ते तुमच्या गावाचं तुमी बगा. माझ्या कागदावर पोळा न्हाई. आवसा हायेत. मोजून दोन."

दाव्याचं एक टोक सटवाजीच्या हातात होतं, दुसरं बायनाबाईच्या. मध्ये बाण्या बैल उभा राहून रवंथ करत होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पलीकडं लाल्या गव्हाणीत तोंड घालून होता.

सटवाजी सेलूकडचा हेडी, बैलांची दलाली करणारा. बायनाबाई राधाकिशनची आई. राधाकिशन आमचा शेजारी, त्यामुळं आम्ही सगळे कुडाच्या कडेला उभे होतो. भांडण शेजारी असलं की घरातलं काम सुचत नाही.

तेवढ्यात राधाकिशनची बायको दैवशाला चुलीपुढून उठून आली. हाताला ज्वारीचं पीठ तसंच.

"आवो," ती नवऱ्याला म्हणाली, "यंदा धोंड्याचा म्हैना व्हता."

राधाकिशननं आभाळाकडं पाहिलं. मग स्वतःच्या बोटांकडं. अंगठा एकेका पेरावरून फिरला आणि एका पेरावर अडकला.

"तेहतीस अनारसे खाल्ले तुमी, माझ्या मायच्या हातचे. ते कशाचे खाल्ले?"

कुडाच्या कडेला कुणीतरी हसलं. बायनाबाईच्या हातातलं दावं सुटलं.

*

साल पंच्याऐंशी. त्या साली श्रावण दोनदा आला. आधी अधिकाचा, मग खरा. अधिकाला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात सासरा जावयाला घरी बोलावतो, पुरणाचे धोंडे खाऊ घालतो, ताटात तेहतीस अनारसे ठेवतो. दिव्याची अमावास्या आणि पोळ्याची अमावास्या यांच्यामध्ये त्या साली एक जास्तीची अमावास्या होती. पोरासोरांना माहीत होतं. राधाकिशनलाही माहीत होतं, पण फक्त जेवायच्या बाजूनं.

*

आता फटफटी कुठून आली ते.

राधाकिशनला गाडी पाहिजे होती. का पाहिजे, याची कारणं तो माणूस बघून सांगायचा. आईला सांगितलं, तुला दवाखान्याला न्यायला. बायकोला सांगितलं, तुला माहेरी न्यायला. पारावर सांगितलं, "यष्टीचा काय भरवसा राहिला? नामांतर करा म्हणणाऱ्यांचा एक दिवस बंद, करू नका म्हणणाऱ्यांचा दुसऱ्या दिवशी. आमी कुठल्या बी बाजूचे आसलो तरी देवगाव फाट्यावर उभेच."

हे खरं होतं. पारावर रोज विद्यापीठाच्या नावावरून तकरार व्हायची. ते विद्यापीठ आमच्यातल्या एकानंही पाहिलेलं नव्हतं. तरी त्यावरून सात वर्षं गावात काही घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

सटवाजीनं अलीकडं बैलांबरोबर फटफट्याही धरल्या होत्या. धंदा तोच, म्हणायचा, जनावर बदललं. सौदा त्यानं बैलासारखाच केला. फटफटी लिंबाखाली उभी केली. राधाकिशननं तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, सीटवर थाप मारली, मागच्या चाकाला पाय लावून बघितला. दात बघायचे तेवढे राहिले. मग सटवाजीनं खांद्यावरची दस्ती काढून दोघांच्या हातांवर टाकली आणि दस्तीखाली बोटं धरून भाव सांगितला.

"म्हंजी दोन्ही बैल?" राधाकिशन म्हणाला.

"दोन्ही."

"पेरणी हाय आता तोंडावर."

"मंग पेरा की. कोळपा. दोन आवसा वापरा. मी लगीच कुठं मागायलो? गाडी आज घिऊन जावा."

एवढा दिलदार दलाल राधाकिशननं जन्मात पाहिला नव्हता. जेठातली अमावास्या कालच होऊन गेली होती. त्यानं बोटं मोजली, मनातल्या मनात पोळा पार पाडला, आणि कागदावर सही ठोकली.

घरी आल्यावर बायनाबाईनं एकच विचारलं, "पोळ्याला जोडी हाय ना दावणीला?"

"हाय की. त्येच्या दुसऱ्या दिशी नेणार त्यो. मंग दिवाळीपस्तोर दुसरी जोडी आणू. आता फटफटी हाय, धा बाजार फिरू."

*

फटफटीला काय होतं: दोन चाकं, एक टाकी, टाकीवर कुणीतरी काढलेलं मोराचं चित्र, हँडलला लोंबणारे लाल गोंडे, सीटच्या फाटक्या जागी शिवलेलं पोत्याचं ठिगळ.

काय नव्हतं: मागचा दिवा. डाव्या बाजूचा आरसा. किकवरचं रबर. हॉर्न होता, पण तो डावीकडं वळताना आपोआप वाजायचा, एरवी नाही. नोंदणीचं पुस्तक होतं, पण त्यावर तिसऱ्याच माणसाचं नाव होतं. "त्येला शोधायची गरज न्हाई," सटवाजी म्हणाला होता, "त्यो बी तुमाला शोधायला यायचा न्हाई."

*

फटफटी चालू करायची रीत.

सकाळी कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जावं. फटफटी गव्हाणीला साखळीनं बांधलेली असते, ती सोडावी. प्लग काढावा. प्लग ओला असतो. तो बायकोकडं द्यावा. बायको तो तव्यावर, भाकरीच्या कडेला शेकते. भाकरीला पेट्रोलचा वास लागतो, त्याबद्दल बोलू नये. प्लग गरम असताना फडक्यात धरून पळत यावं, बसवावा, चोक ओढावा, टाकी एका बाजूला कलंडून पेट्रोल आहे का ते कानानं ऐकावं. मग किक. किक मारताना जीभ दाताखाली येऊ देऊ नये. वीस किकांनंतर सदरा काढावा. तीस किकांनंतर शेजाऱ्यांना हाक मारावी. मग दुसऱ्या गेअरात टाकून क्लच दाबावा, मागून तिघांनी ढकलावं, मारुतीच्या देवळापाशी क्लच सोडावा. फट्. फट्. पुन्हा काही नाही. परत ढकलत आणावी, कारण उतार देवळाच्या अलीकडंच संपतो.

चालू झालीच तर थांबवू नये. राधाकिशन थांबवत नसे. तो चारठाण्याला तेलाचं दुकान असलेल्या गल्लीतून गाडी फिरवत फिरवतच ओरडायचा, "शेठ, आर्धा किलो! टाका पिशवीत!" आणि दुसऱ्या फेरीला पिशवी पकडायचा.

*

"राधाकिशन, चारठाण्याला चाललाव का?"

"चाललो."

"माझं वखराचं पातं टाकतो मागं. लोहाराकडं दे."

"राधाकिशन, मास्तरच्या सासूला बसीव."

"राधाकिशन, येताना म्हशीचं औषिद."

"राधाकिशन, रिकामाच चाललाव? मंग मी येतो. काम काय न्हाई, बसून बगतो."

पेट्रोल कुणीच देत नव्हतं. ढकलायला मात्र सगळे यायचे. गावात एवढा एकोपा नामांतराच्या भांडणापासून कुणी पाहिला नव्हता.

*

धोंड्याला तो दैवशालाला घेऊन वालूरला सासुरवाडीला गेला. डोळ्याला काळा गॉगल, डोक्याला उपरणं. देवगाव फाट्यापर्यंत गाडी झकास चालली. फाट्यावर राधाकिशननं चहा प्यायला गाडी थांबवली, हीच चूक. फाट्यावरच्या हॉटेलातली सगळी माणसं बाकांवरून वळून बसली. नवऱ्यानं हँडल धरलं, बायकोनं मागून ढकललं. नवी इरकल, कपाळभर कुंकू, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. दीड मैल.

"थकलीस का?" त्यानं न वळता विचारलं.

"न्हाई. बैलगाडीत बसून जावं लागलं आसतं तर आंग आखडलं आसतं."

वालूरला सासरे सूर्यभान यांनी जावयाची गाडी गल्लीत सगळ्यांना दाखवली. ताट आलं. धोंडे, तूप, अनारसे. सासूबाई म्हणाल्या, तीन वर्षांनी धोंड्याचा महिना आला. सासरे म्हणाले, तीन वर्षांनी आला. आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं तेच म्हटलं. राधाकिशन तेहतीसही अनारसे खाऊन दोन दिवस राहिला आणि तीन वर्षांनी आलेल्या महिन्याला ढेकर देऊन परतला.

*

बैल गेले.

सटवाजीनं त्याच दिवशी ते पुढं विकले. उसाच्या गाड्यांवर जाणाऱ्या एका टोळीनं घेतले, म्हणाला. कुठली टोळी, कोणता कारखाना, त्याला आठवत नव्हतं. राधाकिशननं फटफटीवरून चार बाजार पालथे घातले. दोन बाजार फटफटीवरून आणि दोन तिला ढकलत. बैल दिसले नाहीत.

आता मानाचं सांगायला हवं, त्याशिवाय बायनाबाईनं अंथरूण का धरलं ते कळणार नाही.

आमच्या गावात पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी या घराची जाते. मागून सगळं गाव. यात मिळतं एक नारळ आणि वर्षभराचा ताठा. पण अटी कडक आहेत. जोडी स्वतःच्या दावणीची पाहिजे, मागून आणलेली चालत नाही. तोरणाखालून स्वतःच्या पायानं गेली पाहिजे. आणि एक साल जरी खंड पडला तर मान भावकीत दुसऱ्या घरी जातो तो जातोच. बायनाबाईचा नवरा गेला तेव्हा राधाकिशन दोन वर्षांचा होता. त्या साली तिनं अंगावरचे मणीसुद्धा मोडले, दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली, पण जोडी मोडली नाही. पोळ्याला जोडी वेशीतून गेली, पुढं कासरा धरायला भावकीतलं कुणी आलं नाही म्हणून गुराख्यानं धरला. भावकी म्हणजे दिनकरराव, राधाकिशनचे चुलत चुलते. त्यांच्याकडं तेव्हा एक जोडी होती, आता दोन आहेत.

दिनकरराव विचारपूस करायला आले.

"वहिनी, मनाला लावून घिऊ नका. मान काय, आपल्या घरात न्हाई तर आपल्याच घरात."

"व्हय. तुमच्या घरात."

"एकच हाय की."

"मंग तुमची एक जोडी माझ्या दावणीला बांधा."

दिनकरराव म्हणाले, आभाळ भरून आलंय, निघतो.

शेतात कोळपणी अर्धी राहिली होती. कापसात गवत गुडघाभर. बैल नाहीत, आणि त्या दिवसांत कुणाचाच बैल मोकळा नव्हता, निदान सगळे तसंच सांगत होते. मग एका सकाळी आम्ही पाहिलं. कोळप्याला दोरी बांधली होती. दोरीचा एक फेर राधाकिशनच्या खांद्यावरून, एक दैवशालाच्या. मागं रुमण्याची मूठ धरून बायनाबाई. काळी माती पावसानं चिकट झालेली, पायाला वहाणेएवढा चिखल घेऊन उठणारी. सरीच्या शेवटाला पोचले की दोघं वाकून उभे राहायचे, मग बायनाबाई कोळपं उचलून फिरवायची आणि पुन्हा. चार दिवस. आम्ही बांधावरून पाहिलं. कुणी हसलं नाही. कुणी बैलही सोडला नाही.

फटफटी बांधावर लिंबाखाली उभी असायची. राधाकिशन शेतात तिच्यावरूनच यायचा.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळून उद्याचं आवतण देतात. सांजेला राधाकिशनच्या कोठ्यातून हळदीचा वास आला म्हणून आम्ही डोकावलो. तो फटफटीच्या हँडलला तूप चोळत होता.

"काय करायलाव?"

"बैल दिऊनच ही आलीय का न्हाई? मंग बैलाच्या जागी हीच. दावणीलाच बांधतो. गावानं बघितलंय."

"आन बायनामाय काय म्हणली?"

"ती बोलंना झालीय."

सकाळी सगळ्यांनी बैल ओढ्यावर नेले. राधाकिशननं फटफटी नेली. अर्धा तास पाण्यात उभी करून घोंगड्याच्या तुकड्यानं घासली, सायलेन्सरच्या तोंडातून पाणी आत सोडून बाहेर काढलं, टाकीचं झाकण उघडून तिथलाही मळ धुतला. बैलाला इतकं मन लावून त्यानं कधी धुतलं नव्हतं. मग हँडलच्या दोन्ही टोकांना शिंगांचा तांबडा हुरमुंज लावला, बेगड चिकटवली, सीटवर बाण्याची झूल टाकली, पुढच्या दिव्यावर बाशिंग बांधलं, चाकाच्या दांड्याला घुंगरमाळ. दिसत होती छान. नवरीपेक्षा सरस, असं पंडित म्हणाला.

पंडित ग्रामपंचायतीचा शिपाई. वेशीला तोरण बांधायचं काम ज्यांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलं होतं त्यांनी ते सात वर्षांपूर्वी सोडलं, बरंच केलं. तेव्हापासून तोरण पंडित बांधतो आणि दरवर्षी तिरकं बांधतो.

*

वेशीपाशी गर्दी. हलगी. आबासाहेब, गावचे जुने पोलीस पाटील, खुर्ची टाकून तोरणाच्या बाजूला बसलेले. बायका नेहमीप्रमाणं लांब, घाण्याच्या भिंतीला. सगळ्यात पुढं राधाकिशन, एका हातात हँडल, दुसऱ्यात कासरा. मागं दिनकररावांची खिल्लारी जोडी.

"ह्ये काय हाय, राधाकिशन?"

"मानाची जोडी, आबा."

"जोडी कशी?"

"चाकं दोन हायेत."

"बैल शेजारी-शेजारी आस्तेत," दिनकरराव म्हणाले. "ह्ये एकामागं एक हाय."

"आरुंद वाटंनं बैल बी एकामागं एकच चालतेत," पंडित म्हणाला.

"तू आधी तोरण सरळ कर."

"दावणीचं हाय का?" आबासाहेबांनी विचारलं.

"साखळीनं बांधतो. ईचारा कुणाला बी."

"खाती काय?"

"पेट्रोल. वरून आईल."

"आन शेण?" मागून कुणीतरी.

"काळं टाकती. सायलेन्सरातून."

हशा ओसरायला वेळ लागला. आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी जन्मभर असलेच निवाडे केले होते.

"मला बैल-गाडी कळत न्हाई. रीत कळती. दावणीचं पायजे आन सोताच्या पायानं तोरणाखालून गेलं पायजे. चालू कर. गेली तर तुझा मान. न्हाई गेली तर दिनकररावाचा."

राधाकिशननं किक मारली. घुंगरमाळ वाजली. बाकी काही वाजलं नाही.

किक. घुंगरमाळ. किक. घुंगरमाळ. पलीकडं गुरवानं मंगलाष्टक सुरू केलं होतं, ते दोनदा म्हणून झालं. सायलेन्सरातून ओढ्याचं पाणी आलं, पाठोपाठ एक लहानसा बेडूक.

"प्लग काढ."

"प्लग तव्यावर शेकावा लागतो."

"चोक वढ."

"वढलाय, तुटून हातात आलाय."

"आरं, शेपूट पिरगाळ!"

पंचवीस किका. राधाकिशननं सदरा काढला. चाळीस. त्यानं पाय बदलला. मागं दिनकररावांचे बैल मान हलवत होते.

"आबा, दिस बुडायलाय," दिनकरराव म्हणाले. "जनावरं उपाशी हायेत. घिऊ का जोडी म्होरं?"

आबासाहेबांनी हात वर केला. म्हणजे घ्या म्हणणार होते.

"थांबा."

बायनाबाई घाण्याच्या भिंतीकडून येत होती. कोळपणी उरकल्यापासून पंधरा दिवस अंथरुणावर पडलेली म्हातारी, पण माणसं आपोआप सरकली. पोळ्याच्या दिवशी वेशीपाशी बाई आलेली आम्ही पाहिली नव्हती. ती फटफटीपाशी आली, दिव्यावरचं बाशिंग सोडलं आणि लेकाच्या कपाळाला बांधलं.

"ह्ये माझ्या दावणीचं," ती म्हणाली. "तेहतीस वर्सं चारा घातलाय. सोताच्या पायानं चालतंय. डोकं बी त्येच जातीचं हाय."

कुणी हसलं नाही. राधाकिशनसुद्धा बाशिंगाखालून खाली बघत होता.

"माय, थट्टा करू नको," आबासाहेब म्हणाले.

"थट्टा कसली? म्हैन्याखाली कोळपं कुणी वढलं? आख्खं शिवार बांधावर उभं व्हतं. आबा, तुमी बी व्हताव. तवा जनावर म्हून चाललं, आन आज चालत न्हाई?"

आबासाहेब काठीकडं बघत राहिले. ते खरंच होते बांधावर.

"बरं," दिनकरराव म्हणाले, "पर एकटंच हाय. मान जोडीचा आस्तो, वहिनी. दुसरा बैल कुठाय?"

बायनाबाईनं फटफटीकडं पाहिलं, मग लेकाकडं. तिनं एवढंच ठरवून आणलं होतं.

मग घाण्याच्या भिंतीकडून दैवशाला निघाली. पदर खोचला. फटफटीच्या उजव्या अंगाला येऊन तिनं हँडलचं टोक धरलं. हुरमुंज हाताला लागला.

"दुसरा खांदा माझा व्हता," ती म्हणाली. "वळ आजून हाय. बगायचा का?"

दिनकररावांनी मान फिरवली.

हलगीवाला थांबलेला होता. आबासाहेब खुर्चीवरून उठले. त्यांनी काठीनं तिरकं तोरण थोडं वर उचललं, म्हणजे बाशिंग अडकू नये.

"जोडी दावणीची हाय," ते म्हणाले. "जाऊ द्या."

एका बाजूनं राधाकिशन, दुसऱ्या बाजूनं दैवशाला, मध्ये झूल घातलेली फटफटी. ढकलत ढकलत तोरणाखालून गेले. मागं बायनाबाई चालत होती, कोळप्यामागं चालली होती तशी. मग दिनकररावांची खिल्लारी, मग गाव.

*

घरी आल्यावर बायनाबाईनं दोघांच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, ओवाळलं, पुरणपोळीचा पहिला घास दोघांना दिला. नारळ देव्हाऱ्यात ठेवला. फटफटी अंगणात तशीच निथळत उभी.

राधाकिशन बाजेवर बसला. "पाणी दे ग," म्हणाला.

दैवशाला कोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. पाय पसरून, पाठ चौकटीला टेकून. अशी बसलेली आम्ही तिला बारा वर्षांत पाहिली नव्हती.

"आज पोळा हाय," ती म्हणाली. "जनावराला काम सांगत न्हाईत."

राधाकिशननं आईकडं पाहिलं. बायनाबाईनं विचार केला.

"खरं हाय तिचं. गावानं मान्य केलंय. आज तिला हात लावायचा न्हाई."

"मंग मी बी जनावरच हाय की!"

"हाय. पर तुजा पोळा बाराई म्हैने आस्तो. ऊठ, घागर घी."

तो उठला. बाशिंग तसंच कपाळाला, हातात घागर. आमच्या दारावरून आडाकडं गेला. तीनदा गेला. मग सुनेला ताट वाढलं, सगळ्यांच्या आधी, कारण पोळ्याला आधी बैल जेवतात आणि मग घर. तिनं सावकाश पाच पोळ्या खाल्ल्या. कुणी घाई केली नाही.

बातमी गल्लीत फिरली. दिनकररावांची बायको झुंबरबाई नारळाची कुरबुर करायला म्हणून आली आणि कुडापाशी थबकली.

"बसलीस व्हय ग?"

"बसले."

"कुणी काय म्हणलं न्हाई?"

"आज म्हणता येत न्हाई."

झुंबरबाईनं इकडं तिकडं पाहिलं. आमच्या घरातली मंडळी, समोरची, पंडितची बायको, सगळ्याच तिच्याकडं बघत होत्या. ती आली आणि दैवशालाच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली.

"यंदा आमच्या बी शेतात मीच चार सऱ्या वढल्या," ती म्हणाली. "बैल दमला व्हता."

दिवेलागणीला कोठ्याच्या दारात सात जणी होत्या. पाय पसरून. कुणी फटफटीच्या सीटवरची झूल काढून खाली अंथरली होती. गल्लीत घराघरातून हाका येत होत्या.

दिनकरराव स्वतः आले. हातात पूजेचं ताट.

"आगं, गूळ कुठं ठिवलाय?"

"उतरंडीत. वरून तिसऱ्या मडक्यात."

"कोणत्या उतरंडीत?"

झुंबरबाईनं पाय आणखी पसरले. दिनकरराव ताट घेऊन परत गेले. जरा वेळानं त्यांच्या घरातून मडकी कोसळल्याचा आवाज आला, एकापाठोपाठ एक, बराच वेळ.

झुंबरबाई उठली नाही.